किर्गिझ इतिहास वाचण्याआधी पुस्तकाच्या छपाईचं साल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही बिश्केकला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहात. तिथे परदेशी विद्यार्थ्यांनाही 'किर्गिझस्तानचा इतिहास' हा विषय सक्तीचा असतो. वर्गातल्या नोट्स सांगतात की किर्गिझ राज्य २२०० वर्षांचं आहे. जुन्या बाजारातून आणलेलं आणि फोनवर भाषांतर करत वाचलेलं सोव्हिएत काळातलं पुस्तक म्हणतं की किर्गिझ लोक आपण होऊन रशियात सामील झाले आणि त्यांना राज्य मिळालं ते ऑक्टोबर क्रांतीमुळे. आणि तुमच्या घरमालकीण आजी चहा ओतता ओतता सांगतात की १९१६ मध्ये रशियन फौजेने आमची माणसं मारली, उरलेली बर्फातून चीनला पळाली. यातलं खरं काय, आणि पेपरात काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी मध्य आशियाचा इतिहास शिकवते आणि रशियन-किर्गिझ पुस्तकांत बराच काळ घालवला आहे, म्हणून जरा लांबण लावते. तिन्ही गोष्टींत तथ्य आहे आणि तिन्हींत काही ना काही गाळलेलं आहे. म्हणून एक खरं आणि दोन खोटी अशी निवड करत बसू नका. कोणत्या साली, कोणाच्या सांगण्यावरून, काय गाळलं गेलं हे कळलं की ही पुस्तकं आपसात भांडायची थांबतात. तुम्हाला नुसतं पास व्हायचंय की समजून घ्यायचंय, रशियन वाचता येतं का, तुमच्या ओळखीचे किर्गिझ लोक उत्तरेचे आहेत की दक्षिणेतल्या ओश-जलालाबादकडचे, यावर पुढची उत्तरं थोडी बदलतील. ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आधी सोव्हिएतपूर्व काळ. किर्गिझ भटके पशुपालक होते. त्यांचा इतिहास 'संजिरा' म्हणजे वंशावळीच्या तोंडी परंपरेत आणि 'मनास' या महाकाव्यात जपलेला होता. आपल्याकडच्या कुलवृत्तांताशी संजिराचं नातं लगेच ओळखू येईल: कोण कोणाचा मुलगा, कोणती जमात कोणापासून फुटली, कोणाचं कुरण कुठे. छापील इतिहास आला तो १९१३ आणि १९१४ मध्ये. उस्मानाली सिदिकोव यांची दोन छोटी पुस्तकं उफा शहरात अरबी लिपीत निघाली. दुसऱ्याच्या नावातच शाबदान या बड्या सरदाराचं नाव गुंफलेलं आहे, कारण आश्रय त्याच्या घराण्याचा होता. म्हणजे इतिहास लिहून घेणारा आणि लिहिणारा यांचं नातं सोव्हिएत सत्तेने शोधून काढलेलं नाही, ते आधीपासूनचं आहे.

याच पिढीतला बेलेक सोल्तोनोएव माझ्या मते सगळ्यांत मोठा. त्याने संजिरा, स्वतः पाहिलेल्या घटना आणि रशियन ग्रंथ एकत्र करून तीसच्या दशकापर्यंत किर्गिझांचा सविस्तर इतिहास लिहिला. १९१६ चा उठाव त्याने आतून पाहिलेला होता. १९३८ मध्ये स्तालिनच्या दडपशाहीत त्याचा बळी गेला आणि हस्तलिखित पडून राहिलं. ते छापलं गेलं १९९३ मध्ये. एका देशाचा पहिला मोठा इतिहासकार त्याच्या वाचकांना अर्धशतकाहून उशिरा भेटला, हे ध्यानात ठेवा. मधल्या पिढ्यांनी त्याच्याशी वाद घातला नाही की त्याच्याकडून काही घेतलं नाही. त्यांच्यापुढे तो नव्हताच.

त्याच सुमारास नव्या किर्गिझ सरकारच्या विनंतीवरून वसिली बार्तोल्द या थोर रशियन प्राच्यविद्यापंडिताने किर्गिझांचा एक आटोपशीर इतिहास लिहिला. तो १९२७ मध्ये फ्रुंझेत, म्हणजे आजच्या बिश्केकमध्ये, प्रसिद्ध झाला. बार्तोल्द मार्क्सवादी नव्हता. तो अरबी, फारसी आणि तुर्की साधनांवर उभा होता, चिनी साधनं त्याने अनुवादातून घेतली. पुढे दर पिढीला ज्याच्याशी झुंजावं लागलं तो प्रश्न त्याने स्पष्ट मांडला: नवव्या शतकात सैबेरियातल्या येनिसेई नदीकाठी राहणारे किर्गिझ आणि आज तिएनशानच्या डोंगरात राहणारे किर्गिझ यांचा नेमका संबंध काय? ८४० मध्ये येनिसेईच्या किर्गिझांनी मंगोलियातली उइगुर सत्ता मोडली, हे पक्कं आहे. तिएनशानमधले किर्गिझ साधनांत ठळक दिसू लागतात ते पंधराव्या-सोळाव्या शतकांत. मधल्या काळाबद्दल साधनं फार थोडं बोलतात.

(जाता जाता: सोळाव्या शतकातल्या किर्गिझांबद्दलचं एक महत्त्वाचं फारसी साधन, मिर्झा हैदर दुघलातचा 'तारीख-ए-रशीदी', काश्मिरात लिहिलं गेलं. हैदर बाबराचा मावसभाऊ. तो तेव्हा काश्मीरवर राज्य करत होता आणि तिथे बसून आपल्या मागे राहिलेल्या मुलखाच्या आठवणी लिहीत होता. किर्गिझांबद्दल त्याला फारसं प्रेम नव्हतं. त्याच्या लेखी ते बंडखोरीचं मूळ होते. बिश्केकच्या तुमच्या प्राध्यापकांना हे सांगून बघा, गप्पा रंगतील.)

आता तुमच्या जुन्या पुस्तकातलं 'आपण होऊन सामील झाले'. हे वाक्य सोव्हिएत काळातही पहिल्यापासून नव्हतं. विसाच्या दशकात, इतिहासकार पोक्रोव्स्कीच्या मार्क्सवादी संप्रदायाचा जोर असताना, झारशाहीचं मध्य आशियातलं राज्य म्हणजे निव्वळ वसाहतवाद, निखळ अनिष्ट, असंच लिहीत. १९३७ च्या आसपास सूर बदलला: रशिया अनिष्टच, पण इराण, चीन, कोकंद अशा इतर पर्यायांपेक्षा कमी अनिष्ट. १९५१ नंतर तेवढंही चालेना. सामील होणं हे मुळातच प्रगतीचं पाऊल ठरलं, आणि पन्नाशीच्या शेवटापर्यंत त्याला 'स्वेच्छेने' हे विशेषण कायमचं चिकटलं. १९६३ मध्ये या स्वेच्छेची शताब्दी थाटात साजरी झाली. म्हणून तुमच्या पुस्तकाचं साल बघा. १९२६ चं असेल तर त्यात झार राक्षस असेल, १९६६ चं असेल तर थोरला भाऊ. दोन्ही पुस्तकं सोव्हिएतच.

मग झालं काय होतं? इथे उत्तर-दक्षिण भेद कामाला येतो. १८५४ मध्ये उत्तरेतल्या इसिक-कुल सरोवराच्या परिसरात सारीबागिश आणि बुगू या दोन जमातींच्या लढाईत सारीबागिशांचा ओर्मोन खान मारला गेला. बुगू जमातीला सुडाची धास्ती होती, वरून कोकंदच्या खानाचा कर होता. त्यांनी ओम्स्कला दूत पाठवला आणि जानेवारी १८५५ मध्ये झारशी निष्ठेची शपथ घेतली. ही खरोखरच मागून घेतलेली मदत होती, पण एका जमातीने, एका विशिष्ट पेचात. पुढच्या दशकात उत्तरेतल्या आणखी काही जमाती याच वाटेने गेल्या, कुठे राजीखुशीने, कुठे तोफा दारात आल्यावर. दक्षिणेत चित्र वेगळं. १८७६ मध्ये कोकंदची खानत बुडवून रशियाने तो भाग लष्कराच्या जोरावर घेतला, आणि अलायच्या डोंगरात कुरमानजान दात्का या कर्तबगार बाईने व तिच्या मुलांनी प्रतिकार केल्यावरच तह झाला. एका सरकारी वाक्यात हे दोन्ही प्रकार कोंबायचे तर काहीतरी चेपणारच. सोव्हिएत पुस्तकाने दक्षिण चेपली. नव्वदनंतरच्या काही पुस्तकांनी उलट करून उत्तर चेपली आणि सगळीकडे 'वसाहतवादी आक्रमण' असा शिक्का मारला.

हे सगळं अभ्यासिकेत शांतपणे घडत होतं असं समजू नका. १९५० मध्ये ताझाबेक सामानचिन, ताशिम बायजिएव आणि झियाश बेक्तेनोव या साहित्य-इतिहासाच्या अभ्यासकांना अटक झाली. मुख्य गुन्हा असा की त्यांनी क्रांतिपूर्व कवींना आणि 'मनास'ला नको तेवढं मोठं केलं. बायजिएव १९५२ मध्ये छावणीतच वारला. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रुंझेत परिषद भरली, विषय असा की 'मनास' हे जनतेचं काव्य आहे की सरंजामदारांचं. कझाक लेखक मुख्तार औएझोवने बाजू लावून धरली म्हणून काव्य वाचलं, तेही काटछाट करून. पाच वर्षांपूर्वी याच महाकाव्याचा ११०० वा वर्धापनदिन ठरला होता, तो गुपचूप रद्द झाला होता. पुढे १९९५ मध्ये स्वतंत्र किर्गिझस्तानने संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने 'मनास'ची १००० वर्षं साजरी केली. म्हणजे अर्ध्या शतकात काव्य शंभर वर्षांनी तरुण झालं! चाळीसच्या दशकातली तारीख पुरातत्त्वज्ञ बेर्नश्ताम यांच्या मतावर, ८४० च्या विजयावर, बेतलेली होती. नव्वदला सोयीची गोल संख्या मिळाली. महाकाव्याला जन्मतारीख शोधणंच मुळात हट्टाचं काम, पण सरकारांना समारंभासाठी तारीख लागते.

तरीही सोव्हिएत काळाला नुसतं झोडपू नका. आज या विषयात जे काही पक्कं हाती आहे त्यातलं बरंचसं तेव्हाचं आहे. १९४३ मध्ये फ्रुंझेत विज्ञान अकादमीची शाखा आली, १९५४ मध्ये स्वतंत्र अकादमी झाली. बेर्नश्तामच्या मोहिमांनी तिएनशान आणि चू खोऱ्यातली शहरं उकरून काढली. साउल अब्रामझोन हा वांशिक अभ्यासक अनेक वर्षं गावोगाव फिरून जमातींची रचना, चालीरीती, नाती नोंदवत राहिला. १९७१ मध्ये त्याचा ग्रंथ आला तेव्हा 'जमातवाद उकरून काढतो' म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली, आणि १९९० मध्ये तोच ग्रंथ मानाने पुन्हा छापला गेला. आज ज्याला किर्गिझ समाज समजून घ्यायचाय त्याला मी पहिलं नाव अब्रामझोनचंच सांगते.

१९५६ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रुंझेत 'किर्गिझ लोकांची उत्पत्ती' या विषयावर मोठं सत्र भरलं. तिथे निघालेली तडजोड अशी: येनिसेईहून आलेले लोक आणि तिएनशानमधले आधीचे रहिवासी, दोन्ही मिळून किर्गिझ झाले. ही तडजोड वाईट नव्हती. पण तिच्यातलं एक गृहीतक कोणी तपासलंच नाही. दर प्रजासत्ताकाला एक लोक, त्या लोकाला एक प्राचीन उत्पत्ती, आणि ती उत्पत्ती शक्यतो आजच्या नकाशात बसणारी. हा नकाशा १९२४ मध्ये मॉस्कोने आखला होता. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला कारा-किर्गिझ स्वायत्त प्रांत झाला, १९२६ मध्ये स्वायत्त प्रजासत्ताक, १९३६ मध्ये संघ-प्रजासत्ताक. आणि मग इतिहासकारांनी त्या चौकटीतून मागे बघायला सुरुवात केली.

मला यात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे: १९९१ नंतर उत्तरं बदलली, काही तर पूर्ण उलटली, पण प्रश्न विचारायची ही सोव्हिएत पद्धत जशीच्या तशी राहिली. खलनायकाचा नायक झाला, पण नाटक तेच.

२२०० वर्षांचं प्रकरण याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. त्याचा आधार म्हणजे सीमा च्येन या चिनी इतिहासकाराच्या ग्रंथातलं एक वाक्य. श्योंगनू लोकांचा राजा मोदू याने उत्तरेकडच्या पाच जमाती जिंकल्या, असं तो सांगतो आणि पाच नावं देतो. त्यातलं एक 'गेकुन'. ही घटना इ.स.पू. २०१ च्या सुमाराची मानतात, आणि गेकुन म्हणजे किर्गिझ हे बहुतेकांना मान्य आहे. गेकुन राहायचे कुठे यावर मात्र वाद आहे: कोणी येनिसेईकडे, कोणी पश्चिम मंगोलियात, कोणी पूर्व तिएनशानमध्ये नेतो. आता बघा. वाक्यात राज्य नाही, राजा नाही, सीमा नाही. जिंकले गेल्याची नोंद आहे. यावरून २००३ हे वर्ष 'किर्गिझ राज्यसत्तेची २२०० वर्षं' म्हणून साजरं झालं, संयुक्त राष्ट्रांचा ठरावही मिळाला. अध्यक्ष अस्कार अकायेव पेशाने भौतिकशास्त्रज्ञ, त्यांनी स्वतः राज्यसत्ता आणि 'मनास' यावर पुस्तक लिहिलं. त्याआधी २००० मध्ये सुलेमान टेकडीवरच्या कांस्ययुगीन वस्तीच्या आधारे ओश शहराची ३००० वर्षं साजरी झाली होती. त्या वस्तीतले लोक किर्गिझ नव्हते, पण शहर आजच्या किर्गिझस्तानात आहे, म्हणून इथे प्रदेश धरला. गेकुनच्या बाबतीत प्रदेश अडचणीचा, म्हणून तिथे लोक धरले. ही सोईस्कर अदलाबदल तुमच्या नोट्समध्ये पानोपानी सापडेल. एकदा दिसली की दिसतच राहील.

यामागची गरज मात्र खोटी नव्हती. नव्वदच्या दशकात कारखाने बंद पडले होते, पगार थकत होते, आणि शेजारी उझबेकिस्तान तैमूरला, कझाकिस्तान आपल्या खानांना पुढे आणत होता. लहान देशाला आपण कालपरवाचे नाही हे सांगावंसं वाटणं स्वाभाविक आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या दोन हजार वर्षांच्या नादात ज्या शतकांबद्दल भरपूर साधनं आहेत, म्हणजे अठरावं ते विसावं, त्यांच्यावर मेहनत कमी झाली. ८४० च्या विजयाचंही तसंच. त्याला बार्तोल्दने 'किर्गिझ महासत्ता' म्हटलं आणि ते नाव पाठ्यपुस्तकांना फार आवडलं. अमेरिकन अभ्यासक मायकेल ड्रॉम्प यांनी चिनी साधनं तपासून दाखवलं की किर्गिझांनी मंगोलियात साम्राज्य वसवल्याचा पुरावा मिळत नाही. ते जिंकले आणि बहुतांशी येनिसेईकडे परतले. तुमच्या नोट्समध्ये हा मुद्दा नसण्याचीच शक्यता जास्त.

आता आजींचं १९१६. हा भाग सर्वांत जड आहे, म्हणून जरा थांबून.

महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा झारने २५ जून १९१६ (जुनी कालगणना) रोजी हुकूम काढला. मध्य आशियातल्या १९ ते ४३ वयाच्या पुरुषांना आघाडीमागच्या मजुरीसाठी न्यायचं होतं. हुकूम ही ठिणगी, दारू आधीच साठली होती. इसिक-कुल आणि चू खोऱ्यातली चांगली जमीन व कुरणं काढून रशियन-युक्रेनी वसाहतवाल्यांना दिली जात होती. उठाव जुलैमध्ये खोजेंत शहरात सुरू झाला, जिझाखला भडकला आणि ऑगस्टमध्ये सेमिरेच्येत, म्हणजे उत्तर किर्गिझ प्रदेशात, पोचला. किर्गिझांनी रशियन गावांवर हल्ले केले, त्यात दोन हजारांच्या आसपास वसाहतवाले मारले गेले, बायका-मुलंही. उलट कारवाईत फौजेने आणि शस्त्रं दिलेल्या गावकऱ्यांनी किर्गिझांच्या वस्त्याच्या वस्त्या संपवल्या. हजारो कुटुंबं गुराढोरांसह बेदेलसारख्या उंच खिंडींतून चीनकडे निघाली. भूक, बर्फ, साथी, वाटमारी यांत किती गेले याचे अंदाज काही दहा हजारांपासून लाखाच्या बऱ्याच पुढेपर्यंत जातात. या पळापळीलाच किर्गिझ लोक 'उर्कुन' म्हणतात. पाठोपाठ गव्हर्नर-जनरल कुरोपात्किनने किर्गिझांना सुपीक खोऱ्यांतून कायमचं हुसकून नारिनच्या डोंगराळ भागात ढकलायची योजना आखली. ती पुरी व्हायच्या आत झारच गेला.

मी विद्यार्थ्यांना एक काम देते: वेगवेगळ्या दशकांतल्या पाठ्यपुस्तकांतलं १९१६ चं प्रकरण काढा आणि त्यात मेलेले कोण ते फक्त मोजा. विसाच्या दशकातल्या लिखाणात दोन्हीकडचे मृत सापडतात, कारण लिहिणाऱ्यांनी ते पाहिलेले होते, आणि दोष झारशाहीच्या अधिकाऱ्यांवर होता. पन्नाशीपासून उठाव 'एकूणात प्रगतिशील' ठरतो. पण जिथे रशियन शेतकरी मारले गेले तिथे तो 'प्रतिगामी सरंजामदारांनी भरकटवलेला'. चीनकडे गेलेल्यांचे मृत्यू दोन ओळींत आटपतात, कारण ते तपशिलात सांगितले तर दोन लोकांच्या मैत्रीचं काय? नव्वदनंतर किर्गिझ मृतांना पानंच्या पानं मिळाली, ते योग्यच झालं, पण रशियन वसाहतवाल्यांची गावं पुस्तकातून गायब झाली. काही लेखक आणि संघटना 'वंशसंहार' हा शब्द वापरू लागल्या, मॉस्कोला तो मुळीच नको होता. २०१५-१६ मध्ये अध्यक्ष अल्माझबेक अतामबायेव यांनी शताब्दी सरकारी पातळीवर पाळली, बिश्केकजवळच्या 'आता-बेइत' या ठिकाणी स्मारक उभं राहिलं, पण सरकारी भाषेत 'शोकांतिका' हाच शब्द ठेवला. रशियात लाखो किर्गिझ मजुरी करतात, त्यांनी पाठवलेल्या पैशावर घरं चालतात. शब्द निवडताना हे कोणी विसरलं नसणार. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, ऑक्टोबर क्रांतीच्या दिवसाची जागा ७-८ नोव्हेंबरच्या 'इतिहास आणि पूर्वजस्मरणाच्या दिवसां'नी घेतली.

मग आजींचं म्हणणं कुठे बसतं? त्या सांगतात ते घडलेलं आहे, आणि सोव्हिएत काळात ते घरातच सांगितलं जात होतं, म्हणून ते तुमच्यापर्यंत पोचलं. त्यांच्या गोष्टीत जाळलेल्या रशियन गावांचा भाग कदाचित नसेल. इसिक-कुलकाठच्या काराकोल शहराजवळच्या एखाद्या जुन्या रशियन कुटुंबाला विचारलंत तर फक्त तोच भाग ऐकायला मिळेल. ओशकडच्या आजींकडे मात्र १९१६ ची आठवण इतकी धारदार नसते, कारण उर्कुन मुख्यतः उत्तरेचा.

आता-बेइतचं नाव वर आलं. बिश्केकच्या दक्षिणेला चोंग-ताश गावाजवळ आहे, एखाद्या रविवारी जाऊन या. नोव्हेंबर १९३८ मध्ये गोळ्या घातलेल्या १३७ जणांचे मृतदेह तिथल्या विटांच्या भट्टीत टाकले होते. तिथल्या रखवालदाराने मरण्याआधी मुलीला सांगितलं, ती दशकं गप्प राहिली, आणि १९९१ मध्ये जागा उकरली गेली. लेखक चिंगिझ ऐतमातोव यांच्या वडिलांची, तोरोकुल यांची, ओळख त्यांच्याजवळ सापडलेल्या आरोपपत्रावरून पटली. भाषातज्ज्ञ कासिम तिनिस्तानोव, सरकारचा पहिला प्रमुख जुसुप अब्द्राखमानोव हेही १९३८ चेच बळी. या सगळ्यांवर एका अस्तित्वातच नसलेल्या 'सोशल-तुरान पक्षा'चा आरोप होता. इतिहासलेखनाच्या दृष्टीने याचा परिणाम असा की किर्गिझ राज्य उभारणाऱ्या पहिल्या पिढीला १९३८ नंतर पुस्तकांतून पुसलं गेलं आणि पेरेस्त्रोइकानंतर, म्हणजे गोर्बाचेवच्या सुधारणांनंतर, हळूहळू परत आणलं गेलं. तुमच्या नोट्समध्ये ही माणसं आता नायक असतील. पण ते कम्युनिस्ट होते, आणि सोव्हिएत सत्तेवर मनापासून विश्वास ठेवून त्यांनी देश घडवला, हा अर्धा भाग बहुधा घाईघाईने उरकलेला असेल.

आजची स्थिती. १९९१ नंतर पैसा आटला, पण कुलुपं उघडली, आणि संजिरांचा अक्षरशः पूर आला. दर जमातीने आपली वंशावळ छापली, आपला सरदार मोठा केला. शाबदान, ओर्मोन, बायतिक हे सगळे आज वीर आहेत, आणि त्यातले काही झारच्या सैन्याला मदत करणारे होते, हे त्यांच्या चरित्रकारांना जरा अवघडच जातं. व्यावसायिक इतिहासकारांची अडचण वेगळी. सेमिरेच्येची कागदपत्रं अल्माटीत, झारच्या मध्य आशियाई 'तुर्कस्तान' प्रांताच्या (आजचा तुर्कस्तान देश नव्हे) गव्हर्नर-जनरलची ताश्कंदला, पक्षाची वरच्या पातळीवरची मॉस्कोत. त्यात किर्गिझ लिपी १९२८ च्या सुमारास अरबीची लॅटिन झाली आणि १९४० च्या सुमारास सिरिलिक. आजच्या तरुण संशोधकाला स्वतःच्या पणजोबाचं पत्र वाचायला वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. सुरक्षायंत्रणेचं दप्तर अजून मोकळं नाही. तरी काम होतंय. 'एसिमदे'सारखे बिश्केकमधले तरुण गट दडपशाहीच्या कौटुंबिक आठवणी गोळा करताहेत. १९१६ वर किर्गिझ, ब्रिटिश, फ्रेंच अभ्यासकांनी मिळून केलेलं चांगलं काम इंग्रजीत उपलब्ध आहे.

सर्वांत मोठी पोकळी दक्षिणेची आहे. देशात उझबेक लोक मोठ्या संख्येने आहेत. १९९० आणि २०१० मध्ये ओश भागात किर्गिझ-उझबेक हिंसाचार झाला, २०१० ला चारशेहून जास्त माणसं गेली. त्यावर अहवाल देणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या प्रमुखाला संसदेने देशात यायची बंदी केली. इतिहास 'किर्गिझांचा' की 'किर्गिझस्तानचा', हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही. पाठ्यपुस्तकात उझबेक, दुंगान (चीनहून आलेले मुसलमान), रशियन, जर्मन दिसतात ते बहुधा पाहुणे म्हणून.

एक गंमत सांगते आणि परीक्षेकडे वळते. अकादमीच्या इतिहास संस्थेला बेगिमाली जामगेर्चिनोव यांचं नाव आहे. पन्नासच्या दशकात रशियात सामील होण्यावरचा प्रमाण सोव्हिएत ग्रंथ लिहिणारे ते हेच. ज्यांचं प्रतिपादन आज उलटवलं जातं त्यांच्याच नावाखाली ते उलटवणारे बसतात, आणि यात कोणाला विसंगती वाटत नाही, कारण बहुतेक जण त्यांचे शिष्य किंवा शिष्यांचे शिष्य.

पेपरात काय लिहायचं? पहिला उल्लेख विचारला तर इ.स.पू. २०१, गेकुन, सीमा च्येन असं लिहा. ते बरोबरच आहे, फक्त 'राज्य' ऐवजी 'पहिला लिखित उल्लेख' म्हणा. कोणी गुण कापणार नाही. रशियाबद्दल विचारलं तर १८५५ बुगू आणि १८७६ कोकंद या दोन्ही तारखा एकत्र द्या. १९१६ बद्दल हुकूम, जमिनी, उर्कुन या क्रमाने लिहा आणि शब्द 'शोकांतिका' वापरा, सरकारी तोच आहे. १४ ऑक्टोबर १९२४ न चुकता घाला, त्यावर प्रश्न हमखास येतो. आणि ते जुनं पुस्तक रद्दीत देऊ नका. पहिल्या पानावरचं साल आणि संपादकाचं नाव मला कळवा, त्यातली कोणती प्रकरणं अजून उपयोगाची आहेत ते सांगते. पुरातत्त्वाची बहुधा असतील.